सहा आत, एक अंड्यांवर

"धर," आई म्हणाली.

"तू धर ना. मी बघते."

"बघून येत असतं तर बाळंतिणीच्या दाराबाहेर बसलेले सगळे नवरे एव्हाना सुइणी झाले असते. धर. मागून जा. दोन्ही पंख अंगाशी दाबून. घट्ट नको, सैल नको."

मी मागून गेले. कोंबडीने मान वळवून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात आपोआप मागे आला. कुंपणापलीकडे काजूखालचा पाला गोळा करणारी हौसाक्का कमरेवर हात ठेवून हसायला लागली.

"सिस्टर, लेक तुमची पुण्यात एवढ्या पुस्तकांची राखणदार, आन् कोंबडीला भ्याली की वो!"

"पुस्तकं चोच मारत नाहीत, हौसाक्का," मी म्हणाले.

"मारत नाहीत म्हणूनच त्यांच्यात जाऊन बसली," आई म्हणाली. "धर, उजे. नाहीतर शेरिफाला फोन लावते आणि सांगते, तुम्ही पाचजणी जा, ह्या मालनचं येणं काही खरं नाही."

सकाळपासून ही धमकी तिसऱ्यांदा आली होती. आणि ती नुसती धमकी नव्हती. आई खरंच फोन लावेल, याची मला खात्री होती.

तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी सहा वाजता आई निघणार होती. चाळीस वर्षांपूर्वी नर्सिंगच्या ट्रेनिंगला एका हॉस्टेलवर राहिलेल्या सहाजणी, साठी ओलांडलेल्या, गोव्याहून विमानाने केरळला जाणार होत्या. आठ दिवस. त्यातली एक रात्र पाण्यावर, बोटीतल्या घरात. आईने आयुष्यात विमान पाहिलं होतं ते आरोग्य केंद्राच्या अंगणातून, कपाळावर हात धरून. तिकिटाचा कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवला होता. खिडकीची जागा आहे हे दूधवाल्याला, पोस्टमनला आणि आजऱ्याच्या एसटीतल्या कंडक्टरला सांगून झालं होतं. नवे पांढरे कॅनव्हासचे बूट पायाला चावू नयेत म्हणून ती तीन दिवस ते घालूनच अंगणात वावरत होती. नऊवारी नाही, पाचवारी, खाली पांढरे बूट, आणि हातात कण्यांचं टोपलं.

"धर," ती पुन्हा म्हणाली.

मी धरली. हाताला आधी मऊ लागलं, मग गरम, मग त्या गरमच्या आत भराभर चालणारं काळीज लागलं. मी श्वास रोखून उभी राहिले. कोंबडीही.

"बघ! धरली की!" आईने टाळी वाजवली. एवढ्या जोराने, की कोंबडा ओरडत बाजूला पळाला. "आता हिला ओळखून ठेव. ही कुसुम. हिला सर्दी होते. नाकपुडी बघायची रोज."

"कुसुम म्हणजे, कुसुममावशी?"

"हळू बोल. त्यांना माहीत नाही."

मग सगळं उलगडलं. आईकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. तिच्या पाच मैत्रिणींची नावं तिने पाच कोंबड्यांना दिली होती. कुसुम, शेवंता, लीला, शेरिफा आणि फिलोमिना. सहावी, तांबडी, जाडजूड, सगळ्यांना टोच्या मारत फिरणारी, ती मेट्रन. कोंबडा डॉक्टर.

"डॉक्टर का?"

"सकाळी एकदा येऊन ओरडून जातो. बाकी काम सगळं बायकांचं."

"आणि तुझ्या नावाची कुठली?"

"मी कशाला कोंबडी होऊ? मी ड्यूटीवरची सिस्टर," आई म्हणाली. "चल, राउंड घेऊ."

तिने खरंच राउंड घेतला. परसात, जुन्या औषधांच्या खोक्यांच्या फळ्या जोडून केलेलं खुराडं होतं, पुढे जाळीचं दार. दाराशेजारी खिळ्याला दोरीने सात पुठ्ठे अडकवलेले. प्रत्येकावर एकेकीचं नाव, वय, खोडी आणि उपाय. आईचं ते गोल, सरकारी अक्षर. 'लीला. दोन वर्षं. अंडं घालून लपवते. रातांब्याच्या बुंध्याशी बघणे.' 'शेवंता. डाव्या पायाला जुनी जखम. हळद लावणे. लाड करू नये.' 'शेरिफा. सतत बोलते. आजारी समजू नये.'

मी येताना बरंच वाचून आले होते. कोंबड्यांचं पचन, रोग, पिल्लांना लागणारी उष्णता, सगळ्याची टिपणं काढली होती. वही दाखवली तेव्हा आईने चष्मा लावून दोन पानं नीट वाचली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "यात कोंबडी कुठे आहे?"

दिवसभर ती मला शिकवत होती. पाणी दोनदा बदलायचं. कण्या मूठभर, दोन मुठी नाही. डॉक्टर मागतो म्हणून देत सुटायचं नाही. राखेच्या खड्ड्यात लोळू द्यायचं, ते त्यांचं स्नान. मी विचारत होते, ती सांगत होती, मध्येच घरात जाऊन बॅगेत काहीतरी टाकून येत होती. एकदा स्वेटर. एकदा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. एकदा स्टेथोस्कोप.

"हा कशाला?"

"सहा म्हाताऱ्या आहोत आम्ही. लागला तर?" आणि स्वतःच हसली. "नको म्हणतेस? राहू दे. नाही, नेते. शेरिफाला दाखवते. तिने हॉस्टेलवर माझा पहिला हरवला होता."

फिलोमिनाचा पाळणा मात्र वेगळा होता. मागच्या पडवीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, डालग्यात पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवलं होतं. अकरा अंडी. टॉर्च लावून बघितल्यावर दोन रिकामी निघाली, ती काढली. नऊ राहिली. येत्या शनिवारी एकवीस दिवस भरत होते.

"शनिवारी हिच्याखाली अंडी ठेवली आणि सोमवारी शेरिफाचा फोन, की तिकिटं काढली," आई म्हणाली. ती डालग्याजवळ बूट काढून उकिडवी बसली होती. आवाज एकदम खाली आला होता. "पस्तीस वर्षं नोकरी केली, उजे. एकही बाळंतपण अर्धं टाकून गेले नाही. पावसात नाही, तापात नाही, तुझ्या वेळचे दिवस भरले होते तेव्हासुद्धा नाही. आणि हिचं टाकून निघाले."

"मी आहे ना."

"तुला जमेल?"

"आई, तीच तर बसणार आहे. मी काय करायचंय?"

"बरोबर," ती उजळून म्हणाली. "हेच. तू काही करायचं नाहीस. तेच अवघड असतं. पिल्लू आतून टोचत असतं, अर्धा अर्धा दिवस अडकून बसतं, आपला हात शिवशिवतो. लावायचा नाही. कवच आपण फोडलं की मरतं ते. फक्त बसायचं शेजारी. आणि रोज सकाळी नऊला ही उठेल, खाईल, पिईल, पुन्हा बसेल. उठली नाही तर आजच्यासारखी धरून उठवायची. चावेल. चावू दे."

फिलोमिनाने पिसं फुगवून गुरगुर केली.

"बघ, खरी फिलोमिनासुद्धा अशीच. झोपेतून उठवलं की," आई म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. मीही हसले. पलीकडून हौसाक्काने काय झालं म्हणून विचारलं, आणि काय झालं ते आम्हाला दोघींनाही सांगता येईना.

संध्याकाळी कोंबड्या आपणहून परतल्या. पाच वाजून गेले तशा एकेक करून काजूखालून, रातांब्याखालून आल्या आणि फळीवरून चढून आत गेल्या. मेट्रन शेवटी. दारात थांबून तिने एकदा अंगणभर नजर फिरवली.

"मोज," आई म्हणाली.

मी मनात मोजलं, जाळीचं दार लावलं, कडी कोयंड्यात सरकवली, वरून खिळा घातला.

"झालं," मी म्हणाले.

"नाही झालं."

"का? बघ, लागली की."

"तोंडाने म्हण. काय काय केलंस ते, मोठ्याने. मनात केलेलं मोजत नाहीत. इंजेक्शन देताना आम्ही कसं, पेशंटचं नाव, औषधाचं नाव, किती, सगळं तोंडाने म्हणायचो. ऐकायला कोणी असो नसो. तोंडातून निघालं म्हणजे झालं."

मग ती खुराड्यासमोर ताठ उभी राहिली. पांढरे बूट जुळवून. आणि शाळेतल्या मुलीसारखं खणखणीत म्हणाली, "सहा आत, एक अंड्यांवर. पाणी भरलं. कडी लावली."

"रोज म्हणतेस हे?"

"रोज. सत्तावीस, अठ्ठावीस वर्षं झाली." तिने खिळा पुन्हा एकदा बोटाने दाबून पाहिला. "क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून. तुला नाही आठवणार, तू नऊ वर्षांची होतीस. रानमांजराने अकरा कोंबड्या मारल्या होत्या एका रात्रीत. पिल्लांसकट."

मला आठवत होतं.

"मला सांगवाडीच्या एका बाईच्या बाळंतपणाला बोलावलं होतं," आई सांगत होती, तक्रारीच्या सुरात नाही, कोणाची तरी जुनी गंमत सांगावी तशी. "तिन्हीसांजेला गाडी आली. मी निघता निघता कडी लावली. असं वाटतं. हात आठवतो मला, गंमत बघ. कडी गार लागली होती, तेसुद्धा आठवतं. पण सकाळी येऊन बघते तर दार सताड उघडं. तुझे दादा म्हणाले, मालन, गडबडीत विसरली असशील. मी भांडले. म्हटलं, लावली होती. दुपारपर्यंत भांडत होते. मग म्हटलं, नसेल लावली. कोंबड्या काय खोटं बोलतात?"

ती हसली.

"तेव्हापासून माझा माझ्या हातावर भरवसा राहिला नाही बघ. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का. अर्ध्या रस्त्यातून परत यायची. तुझे दादा, होते तोवर, किती वैतागायचे! कोल्हापूरच्या मोठ्या वॉर्डची इनचार्ज करत होते मला, तेसुद्धा म्हणूनच नको म्हटलं. चाळीस पेशंट. आणि मी अशी विसरभोळी."

त्या वेळची गोष्ट अशी होती. आई कडी लावून गेली. खरंच लावून गेली. मी खिडकीतून पाहत होते. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी बाहेर आले, टाचा उंचावून कशीबशी कडी काढली आणि एक ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात घालून घरात आणलं. आई पिल्लांना हात लावू देत नसे. दादा, म्हणजे माझे वडील, कंदील पुसत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. अर्धा तास मी ते पिल्लू मांडीवर घेऊन बसले, त्याला भात भरवला, मग अंधार पडायला लागल्यावर पळत जाऊन आत सोडलं आणि दार ओढून घेतलं. ओढूनच घेतलं. कडी परत बसवायला माझा हात नीट पोचत नव्हता, अंधाराची भीती वाटत होती, आणि दार तर बंद दिसत होतं.

सकाळी आई रात्रभराचं बाळंतपण करून आली. मी चुलीपुढे बसून भाकरी खात होते. बाहेर आई म्हणत होती, लावली होती हो, मला आठवतंय. माझ्या तोंडात घास होता. तो गिळून झाल्यावरसुद्धा मी काही बोलले नाही. पहिल्या दिवशी माराच्या भीतीने, आठवड्याने लाजेने, आणि नंतर इतकी वर्षं झाली म्हणून. कोंबड्यांच्या जवळ मात्र मी पुन्हा कधी गेले नाही. आईला वाटायचं, मला घाण वाटते.

आता ती माझ्यासमोर उभी होती. चाळीस पेशंटांचा वॉर्ड. अर्ध्या रस्त्यातून परत येणं.

"आई," मी म्हणाले, "त्या दिवशीचं ना..."

घरात फोन वाजला.

"शेरिफा!" आई म्हणाली, आणि नव्या बुटांवर जवळजवळ धावतच आत गेली. मी परसात उभी राहून ऐकत होते. चटणी किती घेतलीस? विमानात नेऊ देतात का? बाई, आणि उलटी झाली तर? हो, ती पिशवी असते म्हणे समोर! मग आईचं हसणं. असं हसणं मी तिच्या तोंडून फार ऐकलेलं नव्हतं, वर चढत चढत जाऊन मध्येच तुटणारं. सोळा-सतरा वर्षांच्या मुली हसतात तसं.

ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती.

"काय म्हणत होतीस गं?"

मी तिच्याकडे पाहिलं. उद्या ही बाई विमानात बसणार आहे, मी मनात म्हटलं. आज नको.

"काही नाही. आल्यावर सांगते."

"सांग, आल्यावर. पण लक्षात तूच ठेव. मी विसरते."

सकाळी साडेपाचलाच जीप आली. आई दीड तास आधीच तयार होऊन ओसरीवर बसली होती. हौसाक्का निरोप द्यायला नारळ घेऊन आली.

"सिस्टर, इमान हललं तर हात दाबून धरा कुणाचा तरी."

"हलू दे. हलायलाच चाललेय," आई म्हणाली.

जीपच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती थांबली. मी ओळखलं. आता परत येणार. खाली उतरली, दोन पावलं घराकडे आली, मान लांब करून परसाकडे बघायला लागली.

"आई, मी बघितलंय. कडी लागलेली आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर. मग खांद्यावरची पर्स नीट केली.

"तू म्हणालीस ना? मग लागली."

आणि वळून जीपमध्ये बसली. मी तिला घरातून निघताना परत न येता गेलेलं पहिल्यांदाच पाहिलं. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून ओरडली, "नऊला उठव फिलोमिनाला! खऱ्या फिलोमिनाला मी उठवते!"

मग संध्याकाळी साडेसहाला फोन यायला लागला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"हँडओव्हर दे."

"सहा आत, एक अंड्यांवर. पाणी भरलं. कडी लावली."

"शाबास. आता माझं ऐक." आणि मग तिचं सुरू व्हायचं. विमान ढगांच्या वर गेलं, वर! खाली सगळं पिंजून ठेवलेल्या कापसासारखं. लीलाने डोळे मिटून घेतले ते उतरल्यावर उघडले. इथे केळीसुद्धा तळतात. मागून पाचजणींचा कालवा असायचा, त्यात कोणतं वाक्य कोणाचं ते कळायचं नाही.

माझंही काही कमी सुरू नव्हतं. फिलोमिना बुधवारी चावली, गुरुवारी चावली, शुक्रवारी नुसती गुरगुरली. लीलाचं लपवलेलं अंडं मी रातांब्याखाली शोधून काढलं तेव्हा हौसाक्काला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आता तुला मेट्रन करायला हरकत न्हाई." पुस्तकांची पिशवी मी उघडलीच नव्हती. दिवसातून दहा वेळा जाऊन डालग्याशी कान लावत होते.

शुक्रवारी संध्याकाळी आवाज आला. अगदी बारीक, पाण्याखालून आल्यासारखा. मी श्वास धरून बसले. पुन्हा आला. तेवढ्यात फोन वाजला.

"हँड..."

"आई, बोलतायत! आतून बोलतायत!"

"काय सांगतेस! थांब. थांब थांब. अगं ए, गप्प बसा गं सगळ्या! शेरिफा, तू आधी! उजे, फोन जवळ ने. फिलोमिनाच्या पोटाजवळ धर."

मी डालग्यात हात घातला, फोन पेंढ्यावर ठेवला. फिलोमिना चावली नाही. कवचाच्या आतून कुई कुई येत होतं, आणि तिकडे कितीतरी मैलांवर, पाण्यावरच्या बोटीत, सहा म्हाताऱ्या नर्सेस अजिबात आवाज न करता ऐकत होत्या. कोणीतरी नाक ओढलं. मग आईचा आवाज आला, ड्यूटीवरचा.

"वेळेवर आहे. पोझिशन चांगली आहे. उद्या सकाळी होईल मोकळी. तू फक्त बस."

"बसते."

"हात लावू नकोस."

"नाही लावत."

"उजे," ती म्हणाली, "छान वाटलं गं."

मी अंड्यांच्या नादात कडी लावल्याचं सांगायला विसरले. पाच मिनिटांनी आठवलं, मीच फोन केला. तिने उचलला, मी म्हटलं, सहा आत, वगैरे. ती म्हणाली, "माहीत आहे की. तू आहेस म्हटल्यावर."

शनिवारी सकाळी पावणेसातला पहिलं पिल्लू बाहेर आलं. ओलं, चिकट, मान न धरणारं. माझे दोन्ही हात शिवशिवत होते आणि मी ते मांडीखाली दाबून बसले होते. दुसरं अर्ध्या कवचात होतं तेव्हा फोन वाजला. आईने लवकर केला, मला वाटलं. मी आनंदाने ओरडूनच उचलला, "एक झालं!"

शेरिफामावशी होती.

आई झोपेतच गेली होती. पहाटे चहाला उठवायला गेल्या तर अंग गार होतं. पाच नर्सेसना कोणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी एकमेकींच्या हातात हात न देता, न रडता, काय काय बघायचं ते सगळं बघितलं आणि मग खाली बसल्या. बघितलं ते आईच्याच स्टेथोस्कोपने, हे मला नंतर कळलं.

पुढच्या दोन दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. फिलोमिना बसलेली होती, हे आठवतं. एकापाठोपाठ एक आठ पिल्लं झाली. एक अंडं शेवटपर्यंत गप्प राहिलं. मी कशालाच हात लावला नाही. रविवारी दुपारी त्या पाचजणी आईला घेऊन आल्या. सगळं झालं. गाव आलं, गाव गेलं. त्या दोन संध्याकाळी खुराड्याची कडी हौसाक्काने लावली.

सोमवारी संध्याकाळी पाचहीजणी स्वयंपाकघरात होत्या. कोणी चहा करत होतं, कोणी उगाच भांडी पुसत होतं. शेरिफामावशी परसदारी माझ्याशेजारी येऊन बसली. समोर कोंबड्या राखेत लोळत होत्या.

"ही कोण?" तिने विचारलं. पुढ्यात एक काळी कोंबडी सारखी कटकट करत होती.

"ही शेरिफा," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

ती वळून बघतच राहिली. मग खिळ्याला अडकवलेल्या पुठ्ठ्यांकडे गेली, एकेक वाचला, आणि आपला वाचताना कपाळाला हात लावून हसली. हसता हसता खाली बसली.

"हॉस्टेलवरसुद्धा अशीच होती," डोळे पुसून ती म्हणाली. "एक सांगू? लग्नात, बारशात, कुठे आम्ही सगळ्या एकत्र झोपलो ना, की मालन मध्येच उठायची. दोनदा, तीनदा. दार बघायची, गॅस बघायची. आम्ही चिडवायचो. या तीन रात्री एकदासुद्धा उठली नाही. मी म्हटलं, काय गं, आज राउंड नाही? तर म्हणाली, माझी लेक आहे ड्यूटीवर. कडी लागलेली आहे. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली."

ती आत गेली. चहासाठी मला हाक मारून गेली.

मी बसून राहिले. ऊन काजूच्या शेंड्यावर गेलं. कोंबड्या एकेक करून परतायला लागल्या. कुसुम आली, लीला, लंगडत शेवंता, बोलत बोलत शेरिफा. मग डॉक्टर. मेट्रन दारात थांबली, अंगणभर नजर फिरवून आत गेली. मी उठले. दार लावलं. कडी सरकवली. गार लागली. वरून खिळा घातला आणि बोटाने दाबून पाहिला.

याला आता सहा वर्षं झाली. ती कडी अजून तीच आहे. मी पुण्याची नोकरी सोडून इथे आले, त्याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. मी कोणाला काही सांगत नाही. रोज संध्याकाळी मात्र म्हणते, आणि त्या सोमवारी पहिल्यांदा जे म्हटलं, ते शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं म्हणते. त्या दिवशी मी खुराड्यासमोर ताठ उभी राहिले होते, पाय जुळवून. स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. आतून कोणीतरी ऐकत असावं. असो नसो.

"सहा आत," मी मोठ्याने म्हणाले. "एक पिल्लांजवळ. आठ पिल्लं. पाणी भरलं. कडी लावली."

मग म्हणाले, "आई, तू विसरली नव्हतीस. त्या दिवशी कडी तू लावली होतीस. मी काढली."